पंचायतीचा डावा कोपरा

एका गावात एक कोपरा होता. तसे कोपरे सगळ्याच गावांत असतात. पण हा पंचायतीच्या खोलीतला होता, आणि गावातल्या बहुतेकांनी तो कधी नीट पाहिलेला नव्हता. पंचायतीत माणसं दाखल्यापुरती जातात. दारातूनच आत वाकतात, ग्रामसेवक भाऊसाहेब आहेत का विचारतात, "उद्या या" ऐकतात आणि परत फिरतात. तेवढ्या वाकण्यात कोपरा दिसत नाही.

या गावाचा कारभार बरीच वर्षं तात्यांनी केला. मग सरपंचपद बाईमाणसासाठी राखीव झालं. तात्या काही दिवस कुणाशी फारसं बोलले नाहीत. नंतर त्यांनी शेवंताताईंचं नाव पुढं केलं. शेवंताताई कमी बोलणाऱ्या, सरळ, कुणाच्या वाटेला न जाणाऱ्या. "आपल्याच आहेत," तात्या म्हणाले. सदस्य म्हणून त्यांनी सुचवलेली बाकीची माणसंही आपलीच होती. निवडणूक बिनविरोध झाली. गावानं फटाके वाजवले आणि मनात म्हटलं, बघू.

सत्काराच्या दिवशी मात्र शेवंताताई एक गोष्ट बोलून गेल्या. गळ्यात हार, डोक्यावर पदर, हातात माईक. त्या म्हणाल्या, "पंचायतीची सभा आता मोबाईलवर दाखवू. ज्याला यायला जमत नाही त्यानं घरून बघावी. जे ठरेल ते सगळ्यांसमोर ठरेल."

टाळ्या पडल्या. टाळ्यांचं काय, जेवणाच्या आधी त्या पडतातच. पण मग तात्या उठले आणि म्हणाले, "उत्तम. आपल्याला काय लपवायचंय?"

तेव्हा गाव सावध झालं. तात्या एवढ्या लवकर कशालाच हो म्हणत नसत.

पुढच्याच आठवड्यात तात्यांनी स्वखर्चानं मोबाईल लावायचा स्टँड आणला. नुसता आणला नाही, गवंडी बोलावून पंचायतीच्या फरशीत सिमेंटनं बसवून घेतला. कुठं बसवायचा ते स्वतः उभं राहून दाखवलं. स्टँडवर दात्याचं नावही रंगवून घेतलं. "आता हलायचा नाही," ते म्हणाले, आणि एकदा हलवून खात्री करून घेतली.

सभा दिसू लागली. पडद्यावर हिरवं कापड घातलेलं टेबल, टेबलामागं शेवंताताई, दोन्ही अंगांना सदस्य, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. भाऊसाहेब विषय वाचत. कुणीतरी सूचक होई, कुणीतरी अनुमोदक होई, आणि "मंजूर" म्हणून सगळे खुर्चीत जरा मागं रेलत. चाकणला कंपनीत असलेली गावची पोरं जेवणाच्या सुट्टीत सभा बघत आणि खाली हात जोडल्याची चित्रं टाकत. सगळं इतकं नीटनेटकं चाललं होतं की लोकांना ते खरं वाटेना. ज्यांचं गावजेवणाच्या आमटीत तिखट किती टाकायचं यावर कधी एकमत झालं नाही, ती माणसं इतक्या झटपट मंजूर कशी म्हणतात?

एकच विषय मंजूर होत नव्हता. अंगणवाडीचा.

गावची अंगणवाडी तात्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरत असे. ऊन वाढलं की पत्रा तापे, आणि मुलं खिचडी खाता खाता घामानं निथळत. नव्या खोलीला वरून मंजुरी आली होती. जागाही होती, गावठाणातली, पंचायतीच्या मालकीची. फक्त त्या जागेवर तात्यांच्या कडब्याच्या गंजी उभ्या होत्या. पंचायतीनं जागेचा ठराव करून द्यायचा, की काम सुरू. दर सभेला विषय निघे. दर सभेला कुणीतरी म्हणे, "पुढच्या सभेत बघू." आणि सगळे पुन्हा मागं रेलत.

हौसाबाईंची नात चिमी त्या शेडमध्ये बसत असे. दुपारी तिला आणायला हौसाबाई जात, तेव्हा पोरीचं तोंड लालबुंद झालेलं असे. वाटेत त्या पोरीला पदरानं वारा घालत आणि तात्यांच्या घरावरून जाताना जरा मोठ्यानं बोलत. घरी आल्यावर धाकट्या सुनेला विचारत, "काय गं, आज तरी ठरलं का?"

ही धाकटी सून मोहिनी. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. भाकरी थापताना ती पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून सभा लावत असे, पण आवाज बंद करून. नव्या सुनेच्या मोबाईलचा आवाज घरात सगळ्यांना ऐकू येतो, आणि सगळ्यांना तो मोठाच वाटतो.

नव्या सुनेला आणखी एक गोष्ट लवकर शिकावी लागते, ती म्हणजे डोळे बघणं. "घे की अजून" हे तोंडानं म्हटलंय की मनानं, "माहेरी जाऊन ये" म्हणजे खरंच जायचं की नाही म्हणायचं, हे शब्दांवरून कळत नाही. त्यामुळं मोहिनीला न ऐकू येणारी सभाही बरीच कळत होती.

एके दिवशी ती म्हणाली, "आत्या, ही सगळी माणसं हो म्हणायच्या आधी डावीकडं बघतात."

"कुठं डावीकडं?"

"पडद्याच्या डावीकडं. जिथं पडदा संपतो, त्याच्या पलीकडं. सगळेच. सरपंचताईसुद्धा."

हौसाबाईंनी भाकरी परातीतच ठेवायला लावली. दोघींनी सभा पुन्हा सुरुवातीपासून लावली. भाऊसाहेबांनी विषय वाचला की मान वळे. एकाची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. वाऱ्यानं ज्वारीची कणसं एका अंगाला झुकावीत तशी. मग तोंड उघडे.

"कोणीतरी बसलंय तिथं," हौसाबाई म्हणाल्या. "सांगणारं."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गिरणीत पोचली, आणि गिरणीतून पिठाबरोबर घरोघर गेली.

पहिला संशय शेवंताताईंच्या नवऱ्यावर आला. बाई सरपंच झाली की कारभार नवराच करतो हे गावानं गृहीतच धरलं होतं. बाळनाथरावांना हे कळलं तेव्हा ते चिडले. पुढच्या सभेच्या दिवशी ते मारुतीच्या पारावर येऊन बसले, सगळ्यांना दिसतील असे. सभा संपेपर्यंत हलले नाहीत.

"बघा," ते म्हणाले, "मी इथं आहे. आता बोला."

लोकांनी मोबाईल उघडले. भाऊसाहेबांनी विषय वाचला. सगळ्यांच्या माना डावीकडं वळल्या.

"तुम्ही इथं आहात ते खरं," पारावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "पण मग तिथं कोण आहे?"

 मग बाळनाथरावांनाही संशय आला, आणि बायकोबद्दल संशय आलेला माणूस पारावर फार वेळ बसत नाही. ते घरी गेले. शेवंताताईंना त्यांनी काही विचारलं नाही, पण जेवताना त्यांच्याकडं बघतही नव्हते.

आता ज्याला जो आवडत नव्हता त्याला त्यानं कोपऱ्यात बसवलं. कुणी म्हणे ठेकेदार बसतो. कुणी म्हणे आमदाराचा माणूस असतो, तोंडाला रुमाल बांधून. एका बाईनं तिथं उतारा ठेवलेला असतो असं सांगितलं, लिंबूसकट. चाकणच्या पोरांनी सभा चालू असताना खाली लिहायला सुरुवात केली, "डावीकडे कोण?" एकानं लिहिलं, मग ओळीनं सगळ्यांनी तेच लिहिलं. त्याच सभेच्या मध्यावर खाली लिहायची सोय बंद झाली. भाऊसाहेबांनी सांगितलं, वरूनच काहीतरी बिघाड आहे. वरून म्हणजे कुठून, हे कुणी विचारलं नाही. आता विचारण्यासारखं काही राहिलंच नाही, असं सगळ्यांचं मत झालं.

शेवटी म्हातारबाबाच रहिवासी दाखल्याचं निमित्त काढून पंचायतीत गेले. दारातून न वाकता थेट आत शिरले. "जरा घेरी आली," म्हणून डाव्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं एक लोखंडी कपाट होतं आणि एक लाकडी खुर्ची होती. खुर्ची रिकामी होती. ते तिच्यावर बसायला गेले तसे भाऊसाहेब घाईनं म्हणाले, "बाबा, इकडं बसा, इकडं वारा आहे."

बाबा पारावर परत आले. "कोणी नाही," ते म्हणाले. "नुसती खुर्ची."

कोणी सापडलं असतं तर गाव एकवेळ शांत झालं असतं. कोणीच सापडलं नाही, म्हणजे लपवणारा भलताच हुशार असणार. संशय दुप्पट झाला.

अशात वरून पत्र आलं. या महिन्याच्या सभेत जागेचा ठराव झाला नाही, तर अंगणवाडीची खोली दुसऱ्या गावाला जाणार. हे गावभर झालं. हौसाबाईंनी त्या दिवशी चिमीला शेडमधून आणलं, माठातलं पाणी तिच्या डोक्यावर थापलं आणि मोहिनीला हाक मारली.

"सरपंचबाईच्या घरी वाटीभर लोणचं देऊन ये. आणि नीट बघून ये. कोण येतं, कोण जातं. तुला कोणी हटकणार नाही. तू नवी आहेस, बावळट समजतात."

मोहिनी पदर सावरून निघाली. पोचली तेव्हा शेवंताताईंच्या दारातून तात्या बाहेर पडत होते. उंबऱ्यावर थांबून ते म्हणत होते, "विषय घ्या की. घेऊ नका असं मी कशाला म्हणू? फक्त घाई नको. घाई केली की माणसं नाराज होतात, आणि माणसं नाराज झाली की अविश्वास आणतात. मी आपलं काळजीनं सांगतो."

तात्या गेले. मोहिनीनं वाटी पुढं केली. शेवंताताई वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"तूही विचारायलाच आली असशील," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात कोण बसतं ते."

मोहिनीनं हो म्हणून मान हलवली.

"शपथ घेऊन सांगते, कोणी बसत नाही. घरचं माणूस विश्वास ठेवत नाही, तुम्ही काय ठेवणार? आम्ही बसतो, विषय वाचतात, विचार करून बोलतो. विचार करताना माणूस कुठंतरी बघतंच की."

"काकू," मोहिनी म्हणाली, "तुम्ही सभा कधी बघितलीत का?"

"मी सभेतच असते. मी कशाला बघू?"

मोहिनीनं मोबाईल काढला. मागची सभा लावली आणि आवाज बंद केला. "अशी बघा," ती म्हणाली.

शेवंताताई बघू लागल्या. आधी त्यांना स्वतःचा पदर नीट नव्हता एवढंच दिसलं. मग उपसरपंचांची मान वळलेली दिसली. मग शेजारच्याची. मग त्यांनी पाहिलं, त्यांची स्वतःची मान वळली, क्षणभर तिथंच राहिली आणि खाली गेली. मग ओठ हलले. आवाज नव्हता, तरी काय म्हटलं ते त्यांना पाठ होतं. पुढच्या सभेत बघू.

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"तिथं कोणी नसतं गं," त्या सावकाश म्हणाल्या. "तात्यांचा टॉवेल असतो."

 आपणच बोललेलं वाक्य आपल्यालाच नवीन वाटावं, तसं त्यांचं झालं.

गोष्ट अशी होती. सभेच्या दिवशी तात्या सगळ्यांच्या आधी येत. आपल्या जुन्या खुर्चीत बसून चहा घेत. सदस्य जमले की खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर टाकत आणि "आलोच मी, चालू द्या," म्हणून निघून जात. एसटीत खिडकीतून टॉवेल टाकला की ती जागा त्याची. मग तिथं कोणी बसत नाही, आणि ज्याचा टॉवेल आहे तो कुठं आहे हेही कोणी विचारत नाही. पंचायतीतही तेच झालं होतं. तात्या येत नसत, पण येतील असं कायम वाटे. संध्याकाळी फिरायला निघाले की ते टॉवेल घेऊन जात. दुसऱ्या दिवशी बघणाऱ्याला नुसती खुर्ची दिसे. आणि सदस्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. कोपऱ्यात कोण आहे असं विचारलं की कोणी नाही असं ते म्हणत, आणि ते खोटं बोलत नव्हते.

मोहिनी घरी आली. हौसाबाई वाटच बघत होत्या.

"काय म्हणाली?"

"कोणी नसतं म्हणाल्या."

"बघ. लपवते."

मोहिनीनं पुढं काही सांगितलं नाही. गाव टॉवेलाला घाबरतं असं सांगितलं असतं, तर तिच्याबद्दलच संशय आला असता.

सभेचा दिवस उजाडला. त्या दिवशी एवढ्या लोकांनी सभा लावली होती की पारावर एकाच सभेचा आवाज मागंपुढं, निरनिराळ्या मोबाईलमधून येत होता. लहानसहान विषय झाले. मग भाऊसाहेबांनी घसा साफ करून अंगणवाडीच्या जागेचा विषय वाचला.

सगळ्यांच्या माना डावीकडं वळल्या.

उपसरपंच म्हणाले, "विषय महत्त्वाचा आहे. घाईत नको. पुढच्या सभेत..."

"थांबा," शेवंताताई म्हणाल्या.

त्या उठल्या. टेबलाला वळसा घालून पुढं आल्या. पडद्यावर आधी त्यांचा पदर दिसला, मग फक्त बोटं. त्यांनी स्टँडमधला मोबाईल काढला.

"ताई, असू द्या तिथंच," भाऊसाहेब म्हणाले. "तात्यांनी जागा बघून बसवलाय तो."

"म्हणूनच काढते."

पडदा हलला. छत दिसलं, पंखा दिसला, मग लोखंडी कपाट. मग एक लाकडी खुर्ची, आणि तिच्यावर हिरव्या काठाचा एक टॉवेल, नीट घडी घालून पाठीवर टाकलेला.

"गावकऱ्यांनो, तुम्ही विचारत होता कोण बसतं," शेवंताताईंचा आवाज आला. "हा बसतो. मी पण ह्यालाच बघून बोलत होते. आता ज्यांना ह्याचं मत घ्यायचं असेल, त्यांनी मोठ्यानं विचारा. सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

 पारावर म्हातारबाबा हसले. आधी नुसतेच खोकल्यासारखे, मग खांदे हलवून. बाळनाथराव मात्र हसले नाहीत. ते त्या टॉवेलाकडं बघत राहिले, आणि इतके दिवस जेवताना आपण कुठं बघत होतो ते त्यांना आठवलं.

खोलीत कोणीच काही विचारलं नाही. टॉवेलाला मोठ्यानं विचारायचं म्हणजे अवघड काम. शेवंताताईंनी मोबाईल कपाटावर पाणी प्यायच्या तांब्याला टेकवून ठेवला. आता तिथून अख्खी खोली दिसत होती, दारासकट. आणि त्या दारात तात्या उभे होते.

तेही घरी सभा बघत होते. स्वतःचा टॉवेल पडद्यावर बघून ते तसेच निघाले होते. इतक्या सभांत "आलोच" म्हणून ते पहिल्यांदाच आले होते.

"हा काय प्रकार आहे?" ते म्हणाले. मग त्यांना कपाटावरचा मोबाईल दिसला. आवाज खाली आला. "चालू आहे का ते?"

"चालू आहे, तात्या," शेवंताताई म्हणाल्या. "बरं झालं आलात. बसा. अंगणवाडीच्या जागेचा विषय आहे. तुमचं काही म्हणणं असेल तर इथं सांगा. कडबा हलवायला वेळ हवा असेल तर तेही सांगा."

तात्यांनी एकदा सदस्यांकडं पाहिलं. सदस्य तात्यांकडं बघू लागले, आणि मग एकेकाला जाणवलं की आपण बघतोय हे आता दिसतंय. माना सरळ झाल्या. कुणी बाटलीचं झाकण काढलं, कुणी परत लावलं.

"मी कशाला बोलू?" तात्या म्हणाले. "मी काय सदस्य आहे?"

वाक्य साधंच होतं. रागावून म्हटलेलं. पण ते अख्ख्या गावानं ऐकलं, चाकणला ऐकलं, आणि टेबलामागच्या माणसांनीही ऐकलं. त्यांना ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"मग ठराव मताला टाकते," शेवंताताई म्हणाल्या. "गावठाणातली जागा अंगणवाडीला. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

पहिला हात त्यांनी स्वतःच वर केला.  दोन बाया सदस्य होत्या, त्यांनी एकमेकींकडं न बघता हात वर केले. मग एका कडेच्या सदस्यानं.  उपसरपंचांचा हात मांडीवरून उठला, टेबलावर आला, तिथं थांबला. त्यांची मान सवयीनं कोपऱ्याकडं वळायला लागली, कपाटावरच्या मोबाईलपाशी अडली, आणि हात वर गेला. बाकीचे खाली बघत राहिले. निम्म्याहून एक हात जास्त झाला होता.

"लिहा, भाऊसाहेब," शेवंताताई म्हणाल्या.

तात्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि गेले. जाताना दारात एकदा थांबले. वाटलं काही बोलतील. पण मोबाईल चालूच होता.

कडबा पावसाच्या आत हलला. अंगणवाडीचा पाया खणला गेला. चिमी तिथल्या मातीच्या ढिगावर बसून खिचडी खायला मागू लागली. तात्यांनी अविश्वासाची भाषा केली, पण त्यासाठी सदस्यांना एकेकट्यानं गाठावं लागे, आणि हल्ली कुणी एकटं सापडेना. सिमेंटचा स्टँड फरशीत तसाच राहिला. त्यावर लोक छत्र्या अडकवू लागले. मोबाईल कपाटावर गेला, आणि खाली लिहायची सोय, वरूनच दुरुस्त होऊन, परत सुरू झाली.

पण गावाचा संशय गेला, असं कोणी समजू नये. पुढच्या सभेला हौसाबाई स्वतः मोहिनीशेजारी येऊन बसल्या. आवाज बंद होता. भाऊसाहेबांनी काहीतरी वाचलं. शेवंताताईंनी मान वर केली आणि सरळ पडद्यातून बाहेर बघितलं.

"आता आपल्याकडंच बघून बोलते," हौसाबाई म्हणाल्या. "काय हवं असेल गं हिला?"

"बघू की, आत्या," मोहिनी म्हणाली. "दर महिन्याला बघू."

तात्पर्य: कारभार दाखवला म्हणून तो उघडा होत नाही, कुठं बघायचं हे बघणाऱ्याला ठरवता आलं, तरच तो उघडा. तोवर जे दाखवतात ते बघावंच, पण दाखवणाऱ्याची नजर कुठं जाते तेही बघत राहावं.